सईच्या किटमधली चकमक मी काढली

मंडळी, मला अक्षर येत नाही. मी बोलतेय, सूनबाई टाईप करतेय.

नात सई मैत्रिणींना घेऊन ट्रेकला गेली. तिच्या किटमधली चकमकीची कांडी, भिजली तरी ठिणगी पाडणारी, मी गुपचूप काढून काड्यापेटी ठेवली. जन्मभर चूल पेटवलेली मी, मला काय शिकवते!

ओढा ओलांडताना काड्या भिजल्या, शेकोटी पेटलीच नाही. पोरी थंडीत कुडकुडल्या.

आज मुलुंडला आमच्या घरी येऊन एकीने सुनावलं, "काय यार सई, वाट लावलीस! पुढच्या वेळी लीडर दुसरी बघू."

सईने माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "सॉरी गं, मीच विसरले."

मी चहा गाळत राहिले. लाज वाटली हो.

सूनबाई म्हणते, "आई, हे त्या पोरीही वाचतील."

म्हटलं, म्हणूनच टाक. पोरींनो, चूक माझी आहे. सईलाच लीडर ठेवाल ना?