गळाला लागलेली पापलेटं

कोल्हापूरच्या माणसाला समुद्र म्हणजे जरा मोठा रंकाळा वाटतो. मी मालवणजवळच्या एका खाडीकाठच्या गावातली. लग्न करून घाट चढून इकडे आले तेव्हापासून हे मी बघत आणि गिळत आलेय.

माझा नवरा सरकारी कचेरीत होता. रविवारी गळ घेऊन पाण्याकाठी बसायची त्याला आणि त्याच्या तिघा दोस्तांना आवड होती. तिथवर माझी काही तक्रार नव्हती, निदान घरात लुडबुड तरी होत नसे. पण नव्वदच्या पुढे गल्लीत केबल आली. कुठल्याशा चॅनलवर एक गोरा माणूस होडीत उभा राहून माणसाएवढा मासा ओढायचा, त्याला मिठी मारून फोटो काढायचा आणि परत पाण्यात सोडून द्यायचा. ते बघून या चौघांच्या डोक्यात वारं शिरलं. मुंबईहून काठ्या आल्या, दुबईच्या कुणाकडून रिळं आली, खूप खिशांची जाकिटं आली. त्या खिशांत काय ठेवायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून त्यात तंबाखूच्या पुड्या बसल्या.

या गटाचा म्होरक्या एक ठेकेदार होता. जीप त्याची, आवाज त्याचा आणि अक्कलही सगळी त्याचीच, असं बाकीचे मानायचे. दर मे महिन्यात ही वरात 'शिकारीला' निघायची. मासेमारी म्हणायचं नाही, शिकार म्हणायचं. आणि मुक्काम कुठे? माझ्या माहेरी. फुकटचं घर, फुकटचं अंगण आणि रांधून वाढायला माझी विधवा आई.

मला मात्र त्या जीपमध्ये जागा नव्हती. पहिल्या वर्षी मी बोलून बघितलं, "मीही येते. आईला भेटून होईल."

"तुला कुठं बसवू? काठ्या हायत, पेटी हाय, सामान हाय," नवरा म्हणाला. "आन बाई बरुबर असली की मासा लागत न्हाय."

हा शोध अर्थातच ठेकेदाराचा. गणपतीत सासरच्या गौरी, दिवाळीत सासरची दिवाळी. माझं माहेरपण व्हायचं ते थंडीत दोन-चार दिवस, तेही मुलांच्या शाळेतून चोरलेले. मे महिन्यात आमच्या खाडीचं पाणी काचेसारखं नितळ होतं, परसात फणसाचा वास सुटतो, आई ओसरीवर आमसुलं वाळत घालते. तो मे मला लग्नानंतर एकदाही बघायला मिळाला नव्हता. मला दुसरं काही नको होतं. तिथे ही चार धेंडं ढेकर देत बसणार आणि मी इथे त्यांच्या बायकांबरोबर सांडगे घालणार.

त्यांची तयारी बघण्यासारखी असायची. समुद्रावर जायचं म्हणून बरोबर काय, तर मटण. "तिकडं काय मिळतंय?" असं म्हणून किनाऱ्यावरच्या गावात डबे भरभरून सुकं मटण न्यायचे. आणि आमिष म्हणून कणकेचे गोळे! रंकाळ्यात कणकेला मासा येतो, म्हणून समुद्रातही येणारच, हे कोल्हापुरी शास्त्र. त्यात हिंग आणि शेंगदाण्याची पेंड घालून मीच ते मळून द्यायची. आमच्याकडे गरवायला, म्हणजे गरी टाकून मासे धरायला, जिवंत कोळंबी लावतात. खाऱ्या पाण्यात कणीक विरघळते, हे मी एकदा सांगितलं.

"आता तू शिकीव आमाला," नवरा म्हणाला आणि शेजारी बसलेला ठेकेदार तोंडातली तंबाखू सांभाळत हसला. त्यानंतर मी मुकाट मळत गेले, आणि खरं सांगायचं तर हिंग जरा जास्तच घालत गेले.

परत यायचे ते मात्र विजयी वीरासारखे. थर्माकोलची पेटी आमच्या सोप्यात ठेवायची, गल्ली गोळा करायची आणि झाकण उघडायचं. आत बर्फावर दोन मोठी, चांदीसारखी पापलेटं. बायापोरं तोंडात बोट घालायची.

"हात निखळायची पाळी आली हुती की!" नवरा काठी धरल्याचा अभिनय करून सांगायचा. "अर्धा तास झुंजत हुतं."

"एवढीच दोन?" कुणीतरी विचारायचं.

"बाकीची सोडून दिली. खरा शिकारी समदं आणत न्हाय," ठेकेदाराचं उत्तर ठरलेलं.

मी दारामागे उभी राहून ऐकायची आणि पदरात हसायची. पापलेटाचं तोंड असतं केवढं? चणा आत जायची पंचाईत. आमच्याकडे जन्मात कुणी पापलेट गरीला लागलेलं बघितलं नाही. ते जाळ्यातच सापडतं. कोल्हापूरला मटणाचा तुकडा बोकडाच्या कुठल्या बाजूचा ते आंधळासुद्धा ओळखेल, पण माशाच्या बाबतीत सगळी गल्ली अडाणी. यांना थाप मारतानाही मासा नीट निवडता आला नव्हता. मालवणच्या बाजारात विकत घेतलाय, हे मी पहिल्याच वर्षी ओळखलं. बोलले नाही. नवऱ्याची अब्रू झाकावी असं सासूबाईंचं म्हणणं, आणि एवढ्या मोठ्या माणसांना एवढं लहान होताना बघायची मला गोडी लागली होती, हे माझं.

रांधायची मीच. कांदा-लसूण चटणीत त्या नाजूक माशाचा पार चिखल करायचा, कारण त्याशिवाय यांच्या जिभेला चवच कळत नाही. पापलेटात गाबोळी असायची, म्हणजे माशाची अंडी. ती तव्यावर तळून ठेकेदाराच्या ताटात जायची. म्होरक्याचा मान! मला लहानपणापासून गाबोळी जीव की प्राण. पण थंडीतल्या माहेरपणात ती मिळत नसे, आणि इथे रांधणारीने शेवटी बसायचं, त्यामुळे माझ्या वाट्याला शेपटीचा तुकडा आणि रस्सा. विकतचा का होईना, माझ्या गावचा मासा आहे, म्हणून मी तो चाटूनपुसून खायची.

मग एका वर्षी, दोन हजार साल उलटून गेल्यावर, त्यांची जीप गेली आणि दुसऱ्या दिवशी माहेरच्या शेजाऱ्यांचा फोन आला. आई विहिरीपाशी घसरून पाऊल मुरगळून बसली होती. यांचा गट तिथून हलला नाही तो नाहीच. उलट नवऱ्याचा निरोप, "काळजी करू नको, आमी हाय इथं." म्हणजे पाय सुजलेल्या बाईला चार माणसांचा स्वयंपाक आहेच! माझं टाळकं सणकलं. सासूबाईंना सांगितलं, विचारलं नाही, आणि एस.टी. धरली.

अंगणात पोचले तेव्हा आई एका हातात काठी धरून चुलीवर पेज ढवळत होती. ओसरीवर चौघे आडवे. रात्री झिंगायचं, उशिरा उठायचं आणि ऐन दुपारी ओहोटीला, पाणी तापलेलं असताना गळ टाकायचा, असा त्यांचा क्रम होता. मे महिन्यात मासा लागतो तो पहाटे, भरतीचं पाणी चढताना. ऊन चढलं की तो खोल जातो. हे त्या गावातलं शेंबडं पोरही सांगेल. पण विचारतो कोण? मी काठावरून बघितलं. जाकिटं घालून उन्हात लाल झालेले चार देह, पाण्यात विरघळणारी कणीक, आणि सगळ्या दिवसाची शिकार म्हणजे एक केंड. ते वर आल्यावर फुग्यासारखं फुगलं तेव्हा ठेकेदार काठी टाकून मागे पळाला. तो विषारी मासा कुत्रंही खात नाही.

निघायच्या दिवशी सकाळी आई दिसेना. थोड्या वेळाने काठी टेकत, लंगडत बंदराकडून आली. हातात केळीच्या पानाचं पुडकं. पुडकं बघून ठेकेदाराने सवयीनं थर्माकोलच्या पेटीचं झाकण काढलं आणि बर्फ बाजूला सारला.

आईने पुडकं त्याच्यापुढून स्वयंपाकघरात नेलं. बाहेर येऊन ती माझ्या नवऱ्याला अगदी ओशाळून म्हणाली, "ह्या वर्सा चेडू हंयच आसा, म्हणान पापलेटां घरातच ठेवलंय. तुमका आंबे भरून दिलंय."

चेडू म्हणजे लेक. लेक इथे आहे म्हणून पापलेटं घरात, याचा अर्थ मला लागेना. मग ती माझ्याकडे वळली.

"दर वर्सा जावयांच्या हातान धाडतंय, ती तुका गावतत मां? गाबोळीची बघून घेतंय, तुका आवडता म्हणान."

नवरा काठ्या बांधण्यात गुंतला, बांधलेली गाठ सोडून परत बांधू लागला. बाजारात विकत घ्यायचेसुद्धा कष्ट त्यांनी घेतले नव्हते. इतकी वर्षं माझी आई सकाळी बंदरावर जाऊन माझ्यासाठी मासा निवडत होती, 'माझ्या चेडवाक' म्हणून त्यांच्या पेटीत ठेवत होती, आणि हे चौघे ते ऐकून घाट चढत होते. दिलेलं बोलून दाखवू नये ही आईची शिस्त, म्हणून थंडीतल्या भेटीत तिने कधी विषय काढला नाही. मीही कधी म्हटलं नव्हतं, की आई, पोचलं. तिला काय वाटलं असेल? मला इतका राग आला की चौघांना तिथेच उघडं पाडायला मी तोंड उघडलं.

पण समोर ती उभी होती, एका पायावर भार देऊन.

"गावतत गो," मी म्हटलं. मिळतात.

तिचा चेहरा खुलला. तेवढ्यात ठेकेदार हळूच माझ्याजवळ आला. त्या माणसाला लाज नावाची वस्तू देवाने दिलीच नव्हती. "वैनी, पर आता गल्लीत काय दावायचं ओ?"

"सोडून दिली म्हणून सांगा," मी म्हटलं. "खरा शिकारी समदं आणत न्हाय."

जीप गेली. मी राहिले. नवरा वळणापर्यंत मागे बघत होता, मी त्याला हात केला नाही.

दुपारी आईने मला चुलीपाशी येऊ दिलं नाही. गाबोळीला नुसतं मीठ, हळद, तिखट लावून तिने ती खोबरेल तेलात तळली आणि सगळीच्या सगळी माझ्या पानात घातली. स्वतः समोर बसून मी घास घेते ते बघत राहिली.

"दर वर्सासारखीच लागता मां?" तिने विचारलं.

लग्नानंतरचा तो माझा गाबोळीचा पहिला घास होता.

"तशीच लागता," मी म्हटलं.