अलकावहिनीचा सातवा दिवस

माझा सख्खा भाऊ फार सुंदर बोलतो आणि मला त्याचा वीट आला आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की नीलिमाबाई घरातलं चव्हाट्यावर आणतात. आणतेच आहे. खरं तर मला सांगायचं आहे माझ्या वहिनीबद्दल. पण त्याला वगळून तिची गोष्ट सांगता येत नाही, हीच पंचाईत.

अलकावहिनी जालन्याच्या ख्रिस्ती घरातली. लग्न होऊन सिकंदराबादजवळ तारनाक्याला आली आणि रेल्वेच्या दवाखान्यात नर्स झाली. वॉर्डात तिचा दरारा असा की भेटायला आलेले मोठे साहेबसुद्धा दारात थबकून चपला बाहेर काढायचे. "चप्पलां भार निकालो साब, ये तुमारा आंगन नै," असं ती तोंडावर सांगायची. औषध न घेणाऱ्या म्हाताऱ्यांना दटावायची आणि मग स्वतःच्याच हातानं पाणी पाजायची. तीच बाई घरी आली की तोंडाला कुलूप. रात्रपाळी करून सकाळी यायची, पर्स खुंटीला अडकवायची आणि तशीच ओट्याशी उभी राहायची. जेवायचीही तिथेच, ओट्याला टेकून, एका हातात वाटी धरून. मी रागावले की म्हणायची, "बसलं की उठायचं जिवावर येतं, नीलाताई."

माझ्या भावाला, म्हणजे दादाला, आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीत सगळे आबासाहेब म्हणतात. रेल्वेच्या कचेरीतून निवृत्त झाल्यापासून दर रविवारी दुपारी त्याच्या घरी बायबलचा शास्त्राभ्यास असतो. तारनाक्याची जुनी माणसं येतात, सिकंदराबादची येतात, हल्ली कॉम्प्युटरच्या नोकरीसाठी पुण्याहून कुकटपल्लीला आलेली तरुण जोडपीही येतात. अभ्यासानंतर जेवण, आणि जेवण अर्थात वहिनीच्या हातचं: बगारा खाना म्हणजे फोडणीचा मसालेभात, कोंबडीचा रस्सा, आंबटसर डाळीचा दालचा.

एकदा एका पुणेकर मुलीनं सुचवलं की हॉटेलातून मागवू, काकूंना कशाला त्रास. आबासाहेबांनी तिला प्रेमानं समजावलं. रविवारी, प्रभूच्या दिवशी, आपल्या जिभेसाठी दुसऱ्याला राबवायचं का? विसाव्याच्या दिवसाच्या आज्ञेत चाकराला विसावा आहे, घरी आलेल्या परक्याला आहे, बैलालासुद्धा आहे. सगळ्यांनी माना डोलावल्या. म्हणजे हॉटेलातल्या भटाऱ्याचा विसावा आम्ही जिवापाड जपायचा आणि घरातली बाई मात्र पहाटेपासून कांदा चिरणार! मी हे बोलून दाखवलं, तर उत्तर तयारच होतं. "नीला, ती सेवा आहे. सेवा म्हणजे काम नव्हे." हे वाक्य ऐकलं की मला शिसारी येते. इतकं गुळगुळीत वाक्य जन्मभर न राबलेल्या माणसालाच सुचतं.

यंदा वहिनीच्या मणक्यातली गादी सरकली. डावा पाय बधिर झाला आणि कमरेचं ऑपरेशन करावं लागलं. घरी सोडताना डॉक्टरांनी माझ्यासमोर दादाला बजावलं, "वाकायचं नाही, उचलायचं नाही, फळीवर पडून राहायचं. हयगय केली तर हा पाय कायमचा जाईल." दादा म्हणाला, "काळजीच नको, अलकाला आता पूर्ण विसावा." त्याचा आवाज असा भरून आला होता की मीसुद्धा फसले.

पुढच्याच रविवारी मी त्याच्या घरी गेले तर स्वयंपाकघरात वहिनी. कमरेला पट्टा, खाली प्लास्टिकचं स्टूल, हातात डाव. जखम अजून ओली होती. चेहरा पांढराफटक पडलेला.

"हे काय चाललंय?"

"ओरडू नकोस गं. भात तेवढा टाकते. ह्यांच्या अभ्यासाचा आज शेवटचा भाग आहे, नवीन मंडळी येणार आहेत."

मी तरातरा बाहेर गेले. दादा इस्त्रीचा शर्ट घालून खुर्च्या मांडत होता.

"दादा, डॉक्टर काय म्हणाले होते?"

"ती उभी नाहीये, नीला. स्टुलावर बसली आहे."

"तिचा पाय गेला तर?"

"मी रोज प्रार्थना करतो तिच्यासाठी. आणि हे बघ, आज तमाशा नक्को."

तेवढ्यात दारात मंडळीतलं कुणीतरी "सलाम, आबासाहेब" म्हणालं आणि माझा भाऊ चेहरा उजळून पुढे झाला. मला त्या चेहऱ्याची किळस आली. मी परत आत गेले आणि वहिनीच्या हातातून डाव काढून घेतला. तिनं तो परत घेतला. आजवर डॉक्टरांचा प्रत्येक शब्द रोग्यांकडून पाळून घेणारी ही बाई स्वतःच्या बाबतीत मात्र बहिरी झाली होती, आणि मला तिचाही राग आला.

बाहेर अभ्यास सुरू झाला. खोटं कशाला बोलू, दादा त्या दिवशी फार सुरेख बोलला. बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीत, जग घडवण्याच्या सहाही दिवसांच्या अखेरीला संध्याकाळ झाली, सकाळ झाली, असं येतं. सातव्या दिवसाला संध्याकाळच नाही. देवाचा तो विसावा अजून मावळलेला नाही, आणि नव्या करारात पत्र लिहिणारा त्याच विसाव्यात थकलेल्यांना बोलावतो. योहान तर शुभवर्तमानाची सुरुवातच उत्पत्तीच्या पहिल्या शब्दांनी करतो. मग शुक्रवारी वधस्तंभावर काम पुरं होतं, शनिवारी प्रभू कबरेत विसावतो आणि आठवड्याच्या पहिल्या सकाळी पुन्हा एक बाग येते. मरिया कबरेपाशी रडत असते आणि समोर उभा असलेला, मेलेल्यांतून उठलेला प्रभू तिला माळी वाटतो. पहिली निर्मिती बागेत, नवी निर्मितीही बागेतच. दादाची मुलगी गौरी वचनं वाचत होती, अडखळत, मोबाइलवर इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी. तरीही हॉल गप्प होता. असलं काही ज्याला दिसतं, त्याला भिंतीपलीकडची बायको दिसू नये, याचंच मला जास्त वाईट वाटलं.

वहिनीही ऐकत होती, हळदीचा हात पट्ट्याखाली घालून कंबर दाबत. मग तिनं एकाएकी डाव खाली ठेवला आणि डाव्या मांडीला चिमटा काढला. पुन्हा काढला, जोरात.

"नीलाताई, पाय कळत नाहीये."

ती नर्स होती. याचा अर्थ तिला कुणी सांगायला नको होता. तिनं गॅस बंद केला, आधी भाताचा, मग रश्श्याचा. "मला आडवं व्हायचंय," ती म्हणाली. फळीचा पलंग घरात एकच, हॉलमधला दिवाण, आणि त्यावर पाहुणे बसले होते.

मी तिच्या काखेत हात घालून तिला बाहेर आणलं. डावा पाय ती अक्षरशः ओढत होती. दिवाणावरच्या तिघांना मी म्हटलं, "उठा." ते उठले. मी तिचा पट्टा सोडला आणि तिला आडवं केलं.

दादा थांबला. आता तरी हा धावत येईल असं मला वाटलं. तो हसला.

"बघा मंडळी," तो म्हणाला, "विसावा म्हणजे काय, ते देवानं आज आपल्यासमोरच ठेवलंय." मागून कुणीतरी 'आमेन' म्हणालं. चालता न येणाऱ्या बाईचाही त्यानं दृष्टांत करून टाकला.

शेवटची प्रार्थना झाली. मंडळी स्वयंपाकघराकडे बघत बसली.

"अलका, वाढायला घ्यायचं ना?"

"भात कच्चा आहे," वहिनी डोळे मिटूनच म्हणाली. "गॅस बंद केलाय मी."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. गौरी म्हणाली, "पापा, सीरियसली, डॉक्टरला कॉल करू या." मी नंबर दिला, तिनं गॅलरीत जाऊन फोन लावला; तो लागेना, ती लावतच राहिली. दादा आत गेला, भांड्यांवरची झाकणं उघडून बघितली, बाहेर आला आणि शांतपणे त्यानंही फोन काढला. थोड्या वेळानं बिर्याणीचे डबे आले. रविवारी, हॉटेलातून. भटाऱ्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. सगळे तिच्या अवतीभवती जेवायला लागले, आणि कुणीतरी दह्याच्या चटणीची वाटी तिच्या बधिर पायाशी टेकवून ठेवली.

गौरी आत आली. "डॉक्टर म्हणाले ताबडतोब घेऊन या. अँब्युलन्स निघालीय."

दादा हातात प्लेट घेऊन दिवाणापाशी आला. मला वाटलं, तिच्यासाठीच आणली असेल.

"अलका, अँब्युलन्स येईपर्यंत जरा आत जाऊन पडतेस? मंडळींना बसायला जागा नाही."

वहिनीनं डोळे उघडले. मग मला म्हणाली, "नीलाताई, मला कूस बदलायचीय. एकटीनं नाही बदलता येत."

मी तिचा खांदा आणि कंबर धरली आणि तिला हळूहळू भिंतीकडे वळवलं. पाठ हॉलकडे झाली. ब्लाउज आणि साडीच्या मधली ऑपरेशनची पट्टी जेवणाऱ्या सगळ्यांच्या समोर आली. ती हळदीनं पिवळी झाली होती आणि मधोमध रक्त होतं.