ढेकीवरचा पाय
नव्या तांदळाच्या कोंड्याचा वास आला की मला आमच्या ओसरीतली ढेकी आठवते. इंग्रजांच्या राज्यात चिचगडकडच्या आमच्या गावाला गिरणी नव्हती; धान ढेकीवरच कांडायचं. एकीने पायाने दांडा दाबून मुसळ उचलायचं आणि सोडायचं, दुसरीने तेवढ्यात उखळात हात घालून धान सारायचं. आई आणि तिची थोरली जाऊ, म्हणजे माझी मोठी आई, दिवाळीपासून बोलत नव्हत्या, पण धान तर कांडायलाच हवं होतं. मोठ्या आईने माहेरहून आणलेली चारोळी मडक्यातून नाहीशी झाली होती, आणि आईने ते खुशाल उंदरांवर ढकललं होतं. त्या सकाळी आईचा हात उखळात असताना मोठ्या आईने मुसळ वरच धरलं. "चारोळी कोनं खाल्ली?" आईने हात काढला नाही. म्हणाली, "मीनंच. रोज मूठमूठ." मोठ्या आईने दांडा पायाखाली तसाच दाबून धरला. "मंग हात काऊन नाही काढला?" "तुमी सोडनार नाही, मालूम होतं बाई." मोठी आई हसली. "काढ आता, पाय दुखून राहिला माहा." आज माझं माझ्या जावेशी रोज वाजतं, आणि बहुतेकदा चूक माझीच असते. पण घरात ढेकी असती, तर तिच्या पायाच्या भरवशावर मी डोळे मिटून हात घातला असता.