बरगीच्या पाण्यावर लांबलेला मुक्काम

जबलपूरच्या रांझी भागातल्या कारखान्यात माझी सगळी नोकरी लेथ मशीनसमोर गेली. निवृत्त झालो तेव्हा सोबतच्या लोकांनी विचारलं, आता काय करणार? मी म्हणालो, बोट घेणार. सगळे हसले. जबलपूरला समुद्र नाही हे मलाही ठाऊक होतं. पण नर्मदेवरच्या बरगी धरणाचं पाणी आहे, आणि मंडल्याच्या दिशेनं ते इतकं पसरलं आहे की धुकं असलं तर समोरचा काठ दिसत नाही. त्या पाण्यावरून मंडल्यापर्यंत जायचं, हे माझ्या डोक्यात फार वर्षांपासून होतं.

पर्यटकांना फिरवून जुनी झालेली एक फायबरची बोट मिळाली. तिच्यावर मी प्लायवूडची केबिन चढवली. आत दोन बाक, एक शेगडी, भांड्यांची फळी आणि मागे डिझेल इंजिन. बायकोला पोहता येत नाही. आठ दिवसांत घरी परत यायचं, या एकाच अटीवर ती यायला तयार झाली. पहिले दोन दिवस तिनं लाइफ जॅकेट अंगावरून काढलं नाही. पोळ्यासुद्धा ते घालूनच लाटल्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी बोटीखाली काहीतरी धाडकन आदळलं आणि इंजिन थरथरायला लागलं. धरण भरलं तेव्हा बरंचसं जंगल उभंच्या उभं बुडालं. वरचं कुजून गेलं, पण खालची खोडं पाण्यात अजून उभी आहेत. तसल्याच एका खोडावर बोटीचा पाण्यातला पंखा आदळला होता. एक पातं तुटलं होतं आणि पंखा फिरवणारा दांडा, म्हणजे शाफ्ट, वाकला होता. एका मासेमाराच्या नावेनं आम्हाला दोर बांधून जवळच्या गावाच्या धक्क्याला आणून सोडलं.

धक्का म्हणजे काय, सिमेंटच्या काही पायऱ्या, पिंपांवर तरंगणारा लोखंडी तराफा आणि वर चहाची एक टपरी. टपरीच्या मागून कच्चा रस्ता जायचा, त्यावर जबलपूरची बस येऊन थांबायची. टपरी एक म्हातारा-म्हातारी चालवत. म्हातारी भजी तळायची, म्हातारा चहा करायचा आणि गिऱ्हाइकाशी बोलायचा.

बोट पाण्याबाहेर काढल्याशिवाय शाफ्ट निघणार नव्हता, आणि ती उचलायला तिथं क्रेन कुठून येणार? मी काठ नीट पाहून घेतला. हिवाळा सरत आला होता, आणि उन्हाळ्याकडे धरणाचं पाणी उतरत जातं. बोट उतारावर, कमी पाण्यात बांधून ठेवली तर पाणी खाली जाईल आणि बोट आपोआप चिखलावर बसेल. फक्त वाट पाहायची. किती, ते सांगता येत नव्हतं.

बायकोला म्हटलं, तू बसनं घरी जा, मी थांबतो. ती म्हणाली, उद्या जाते. दुसऱ्या दिवशी म्हणाली, तुमच्या जेवणाचं काय? उद्या पाहू. मग तो विषयच निघाला नाही. रंगाच्या रिकाम्या डब्यात तिनं कोथिंबीर पेरली तेव्हा मला समजलं की आता ती कुठं जात नाही.

मला मात्र चैन नव्हतं. सकाळी उठलो की मी काठी रोवून पाणी किती उतरलं ते पाहायचो. इंचभर उतरलेलं असायचं, कधी तेवढंही नाही. इंजिन उघडायचो, पुसायचो, परत बंद करायचो. शेवटी एकदा ती म्हणाली, "काहून घाई करून राहिले तुम्ही? पाणी उतरेल तेव्हा उतरेल."

मी म्हणालो, आपण मंडल्याला निघालो होतो.

ती जेवणाची ताटं पुसत होती. पुसून फळीवर ठेवली आणि बाकावर बसली. "इथं दोन ताटं धुतली की काम संपते. माझ्या जन्मात काम संपलेलं मी पहिल्यांदा पाहून राहिली."

कारखान्याच्या क्वार्टरमध्ये आम्ही दोन खोल्यांत सात माणसं होतो. मग विजय नगरला घर बांधलं, तिथं माझ्या आईवडिलांची आजारपणं निघाली, मुलांची लग्नं झाली, नातवंडं आली. या सगळ्यात ती कधी कंटाळली असेल असं मनात यायलाही मला सवड झाली नव्हती. त्या दिवसापासून मी काठीकडे कमी जायला लागलो. संध्याकाळी आम्ही तराफ्यावर खुर्च्या टाकून बसायचो. ती स्वेटर विणायची. मी नुसताच बसायचो, आणि तेही मला हळूहळू जमायला लागलं.

तिची आणि म्हातारीची गट्टी जमली. दोघी तांदूळ निवडत टपरीमागे बसायच्या. म्हातारी हिच्याकडून पुरणपोळी शिकली, ही तिच्याकडून कुटकी नावाच्या बारीक भरडधान्याचा भात शिकली. हिचं हिंदी घाईत मराठीवर घसरायचं, म्हातारीचं तिच्या गावच्या बोलीवर, पण दोघींचं अडायचं नाही.

तिथंच हिला कळलं की म्हातारा-म्हातारीचं गाव धरणात गेलेलं आहे. घर, विहीर, मारुतीचा ओटा, सगळं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की वरच्या अंगाच्या गावांची जोती उघडी पडतात, माणसं जाऊन बघून येतात. यांचं गाव जुन्या नदीच्या अगदी काठाला होतं, ते कधीच वर आलं नाही. गाव सोडल्यावर दोघं पुन्हा तिकडं गेलेले नव्हते. प्रवासी लाँचचा मार्ग दुसरीकडून जातो, आणि मासेमारांना कामाच्या वेळात असलं काही सांगायचा त्यांना संकोच वाटायचा.

बायकोनं मला न विचारता म्हातारीला सांगून टाकलं, नाव ठीक झाली की आधी तुम्हाला नेऊ.

उन्हं तापली आणि एका सकाळी जाग आली तेव्हा केबिन कलती झालेली होती. बोट चिखलावर बसली होती. मी शाफ्ट काढला, गोणपाटात गुंडाळला आणि बसच्या टपावर बांधून रांझीला नेला. कारखान्यातल्या माझ्या एका जुन्या सोबत्याचं आता स्वतःचं छोटं वर्कशॉप आहे. त्यानं तो सरळ करून दिला. नवा पंखा मागवला, तो यायला आणखी काही दिवस लागले. सगळं बसवून झाल्यावर बोट पाण्यात ढकलायची होती. गावातली माणसं आली, लाकडाचे ओंडके आले. बस उभी करून ड्रायव्हर आणि कंडक्टरही खाली उतरले, सगळ्यांनी खांदा लावला आणि बोट पाण्यात गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच टपरी बंद ठेवून म्हातारा-म्हातारी आले. म्हाताऱ्यानं दाढी केली होती, म्हातारीनं ठेवणीतली साडी नेसली होती. तिच्या पिशवीत एक नारळ आणि उदबत्त्या होत्या. "नर्मदे हर" म्हणून दोघं बोटीत बसले. बोलघेवडा म्हातारा त्या दिवशी एकदम गप्प होता.

मधल्या पाण्यात आलो तसे दोघं उभे राहून डोंगर पाहायला लागले. पाण्यावर दुसरी खूण नव्हतीच. म्हाताऱ्यानं जोडशिखरांच्या टेकडीकडे हात केला. म्हणाला, तिच्या बरोबर समोर घर होतं. म्हातारी म्हणाली, छे, टेकडी उजव्या हाताला दिसायची, मी रोज विहिरीवरून पाहत होते. म्हातारा म्हणाला, मी तिथं जन्मलो. ती म्हणाली, पाणी मी भरलं. मी बोट एकदा इकडे नेली, एकदा तिकडे. दोघं एकमेकांकडे न पाहता डोंगरालाच पुन्हा पुन्हा सांगत होते. मला कळेना, सुकाणू कुठं वळवू.

माझी बायको त्यांच्यामध्ये जाऊन बसली. म्हणाली, दोन्हीकडे जाऊ. घाई कोणाला आहे?

म्हातारा खाली बसला आणि मला म्हणाला, "पहले इसकी जगह ले चलो, भैया. घर तो इसी का था."

म्हातारीनं दाखवलं तिथं मी इंजिन बंद केलं. बोट आपली आपण हलत राहिली. म्हातारीनं उदबत्ती लावली, बोटीच्या कडेवर नारळ फोडला, आणि एक कवड पाण्यात सोडली. ओंजळीत पाणी घेऊन डोळ्यांना लावलं. रडली नाही. पाण्यात बघत बायकोला सांगत राहिली, इथं अंगण, इथं म्हशी बांधायच्या, थोरला मुलगा झाला तेव्हा पाळणा या खांबाला होता. म्हातारा ऐकत होता. मध्येच त्यानं दुरुस्ती केली, म्हशी नाही, तिथं बैल असायचे, आणि ती हो म्हणाली.

उरलेली दुसरी कवड तिनं पदरात ठेवली होती. म्हाताऱ्यानं दाखवलेल्या जागी गेल्यावर ती त्याच्या हातात दिली. त्यानं ती पाण्यात सोडली आणि ती तरंगत दूर जाईपर्यंत पाहत राहिला. म्हातारीनं पाण्याकडे पाहिलं, टेकडीकडे पाहिलं. "यहाँ भी हो सकता है," ती म्हणाली.

परतताना म्हाताऱ्याला बोलायचं सुचलं. कोणाच्या लग्नात कोण रुसलं, कोणाची म्हैस नदीतून पोहत पलीकडच्या गावाला गेली, सगळं आलं. बायकोनं शेगडीवर चहा केला. रोज दुसऱ्यांना चहा देणारी ती दोघं हातात कप घेऊन बसली, तेव्हा थोडी लाजल्यासारखी झाली.

तोपर्यंत वरच्या अंगाला पाणी इतकं उतरलं होतं की मंडल्याकडे जाणं शक्य नव्हतं. खोडं सगळीकडे डोकं वर काढायला लागली होती. आम्ही बरगीकडे परत फिरलो. निघालो त्या सकाळी नेमकी बस आलेली होती, टपरीवर गर्दी होती. म्हातारीनं धावत येऊन गरम भज्यांचा पुडा हातात ठेवला आणि तशीच कढईकडे परत गेली.

विजय नगरच्या घरी पहिले काही दिवस आम्हाला जमीन डोलते आहे असं वाटायचं. शेजारी भेटायला यायचे, मंडला कसं आहे विचारायचे. मी खोडाची आणि शाफ्टची हकीकत सांगायला तोंड उघडायचो. पण बायको आधीच सुरू करायची, टपरीपासून, आणि मी आत जाऊन सगळ्यांसाठी चहा टाकायचो.