आक्काचं पस्तान आणि सोबतीचं तिकीट

आमच्या घरात कुणाला कुठं जायचं असलं की सोबत म्हणून आक्काला धाडायचे. मी डी.एड.च्या परीक्षेला गेले, सोबत आक्का. काकूचं ऑपरेशन झालं, दवाखान्यात सोबत आक्का. माझ्या बाळंतपणात तर पेडगावहून परभणीला येऊन तिनं सव्वा महिना माझ्या लेकीला पायावर घेऊन न्हाऊ घातलं. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. तिला मूलबाळ नाही, आणि भाऊजी जाऊनही बरीच वर्षं झाली. स्वतःला कुठं जायचंय म्हणून ती कधी घराबाहेर पडल्याचं मला आठवत नाही.

लेकीला दिवस गेले तेव्हा डब्लिनहून तिचा फोन आला. "आई, तू ये, पण मावशीलाही आण. न्हाऊ घालणं तुला कुठं जमतंय?" मला राग आला, पण खोटं काय बोलली ती? मी शाळेत गणित शिकवते. ओलं बाळ हातात घ्यायचं म्हटलं की मी आक्कालाच हाक मारते.

दोघींचे पासपोर्ट आणि व्हिसा तर करून घेतले, पण दोन तिकिटं विकत काढायची ऐपत नव्हती. पण माझ्याकडं बँकेचं एक कार्ड होतं. किराणा, गॅस, लायटीचं बिल, सगळं मी त्यावरच भरायची आणि घरातले माझी टिंगल करायचे. त्याचे पॉइंट साठत साठत विमानाच्या एका तिकिटापुरते झाले. वर एक व्हाउचर मिळालं. तुम्ही पॉइंटवर तिकीट काढा, तुमच्या सोबतच्या माणसाचं तिकीट आमच्याकडून, फक्त कर भरा. सोबतच्या माणसाचं! वाचून मी स्टाफरूममध्ये एकटीच मोठ्यानं हसले. हे व्हाउचर काढणाऱ्यानं आमची आक्का नक्की कुठंतरी बघितली असणार.

अटी मात्र हातभर होत्या. दोघींची नावं एकाच बुकिंगवर हवीत, दोघी त्याच विमानात हव्यात. एखादी निघालीच नाही तर तिचं तिकीट गेलं, व्हाउचरही गेलं. मुदत संपत आलेली. त्यात हैदराबाद ते लंडन एका कंपनीचं विमान, आणि लंडन ते डब्लिन तिच्या भागीदार कंपनीचं. वेबसाइटवर दोन कंपन्या एकत्र टाकल्या की व्हाउचरचा रकानाच गायब! आठवडाभर मी त्या वेबसाइटशी भांडले. शेवटी फोन लावला. पलीकडची बाई मोठी गोड होती. "मॅडम, दोन कंपन्यांचं एकत्र बुकिंग फोनवरच होतं," म्हणाली, आणि शोधून शोधून तिनं दोन सीट असलेली एकच तारीख काढून दिली. बाकी सगळ्या दिवशी एकेकच होती. मी तिला दोनदा धन्यवाद दिले आणि तिकिटं पक्की केली.

आक्काला फोन केला. तिनं कॅलेंडर बघितलं.

"अगं, घरातून निघायचं त्या दिवशी तर शनवार हाय! शनवारी कुणी लांबच्या वाटंला लागतंय का?"

"विमान दुसऱ्या दिवशी आहे, आक्का."

"पर पाय घरातून कवा निघायलाय? पोटुशी पोरीकडं शनवारी निघून जाऊ का मी? न्हाई यायची. तू जा."

माझं डोकंच फिरलं. तोंडाला येईल ते बोलले तिला. एक दिवस आधी निघावं तर शाळेत माझी रजा मंजूर होत नव्हती. दोन दिवस आम्ही बोललो नाही. मला त्या तिकिटापेक्षा वाईट याचं वाटत होतं, की जिनं माझी लेक न्हाऊमाखू घालून वाढवली तिला त्या लेकीचं बाळ बघायला मिळणार नाही. असली संधी पुन्हा कुठली यायला?

तिसऱ्या दिवशी आक्काचाच फोन. "एकादशीला पस्तान ठिवलंय. आता येते."

पुस्तकात त्याला प्रस्थान म्हणतात. प्रवासाचा दिवस वाईट असला तर आधीच चांगला दिवस बघून आपली एखादी वस्तू शेजाऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची. म्हणजे आपण त्या दिवशीच निघालो, असं धरतात. खऱ्या दिवशी जाताना ती वस्तू उचलायची आणि पुढं चालू पडायचं. इतक्यानं भागत असेल तर माझी काय हरकत होती? लग्नाच्या वऱ्हाडात नाचावं तशी मी स्वयंपाकघरात नाचले.

निघायच्या दिवशी दुपारी मी सामान घेऊन परभणी स्टेशनावर उभी. आक्का पेडगावहून रिक्षानं आली. नवं इरकल नेसलेली, हातात डिंकाच्या लाडवांचा डबा.

"पासपोर्ट दाखव आधी," मी म्हणाले. मास्तरणीची सवय.

"पस्तानात हाय."

"आणि पस्तान?"

"शेजारणीकडं."

"मग घेतलं का नाहीस येताना?"

"ती पूर्णेला लग्नाला गेलीय. घराला कुलूप हाय."

अगं आई गं! प्लॅटफॉर्मवरच्या लोकांनी वळून बघितलं इतक्या जोरात मी ओरडले. "पासपोर्ट कुणी पस्तानात ठेवतं का? सुपारी ठेवतात, तांदूळ ठेवतात, एखादं लुगडं ठेवतात!"

"लुगड्यानं काय हुतंय?" आक्का शांतपणे म्हणाली. "इमानात मला लुगडं बघून घेणार हायत का? जे बघून घेणार तेच आधी घराबाहेर पडाया पायजे."

यात चूक कुठं काढायची ते तीस वर्षं गणित शिकवून मला सापडेना. शेजारणीला फोन लावला, नुसता वाजत राहिला. पाच वेळा लावला.

"फिकीर नको करूस," आक्का म्हणाली. "पस्तान कुलपात ठिवून जाणारी बाई न्हाई ती. आपली गाडी तिला ठावं हाय. सगळ्या गावाला सांगितलंय मी."

गाडी आली. मी एक पाय पायरीवर ठेवून उभी, चढावं की पेडगावला पळावं? आक्का तोवर आत जाऊन खिडकीशी बसलीसुद्धा आणि समोरच्या बाईला लाडू देत होती. मी चढले. पूर्णा येईपर्यंत मी त्या शेजारणीला मनातल्या मनात काय काय म्हणाले ते इथं लिहिता यायचं नाही. मधेच डोळे भरून आले. एकटी जाऊन लेकीला काय तोंड दाखवू?

पूर्णेला गाडी थांबली तर प्लॅटफॉर्मवर जरीच्या साडीतली एक बाई प्रत्येक खिडकीत डोकावत पळत येत होती. केसांत अक्षता अडकलेल्या. हातात लाल दस्तीत बांधलेलं गाठोडं.

"आक्काऽ! धर बाई तुझं पस्तान! मांडीवरून खाली ठिवलं न्हाई बघ. जेवलेबी तसंच!"

"अन् फोन?" मी खिडकीतून ओरडले.

"घरी राह्यला, बाई. चार्जिंगला!"

मी खाली उतरून तिच्या गळ्यातच पडले. ती बिचारी बावरली. आक्कानं खिडकीतून डब्यातले चार लाडू तिच्या पदरात घातले, मी परत चढले आणि गाडी हलली. हैदराबाद ते लंडन एक कंपनी, लंडन ते डब्लिन दुसरी, आणि पेडगाव ते पूर्णा ही तिसरी. हिचं नाव मात्र कुठल्याच बुकिंगवर नव्हतं.

डब्लिनला नात झाली. पाचव्या दिवशी आक्का बाथरूमात पाय पसरून बसली, नातीला पायावर घेतलं आणि कोमट पाणी ओतलं. पोरगी रडायची थांबली आणि टकामका बघायला लागली. "हिची आईबी अश्शीच बघायची," आक्का म्हणाली. लेक रडायला लागली, दारात उभी राहून मीही रडले. इतकं सुखाचं रडू मला आधी कधी आलं नव्हतं.

परत येऊन चार महिने झाले असतील. पेडगावला गेले होते. शेजारणीनं आम्हा दोघींना चहाला बोलावलं, तर तिच्या देवळीत तीच लाल दस्ती, तशीच गाठ मारलेली.

"हे कशाचं गं, आक्का?"

"पस्तान हाय. पोरीचा पहिला वाढदिवस येईल की."

"अगं, त्याला सहा महिने आहेत! पॉइंट कुठायत? व्हाउचर कुठंय?"

"ते तू बघ. मला जायचंय." चहाची कपबशी खाली ठेवून तिनं माझ्याकडं बघितलं. "तुला यायचं आसंल तर चल, सोबत म्हणून."

मला जायचंय. एवढ्या वर्षांत आक्काच्या तोंडून हे मी पहिल्यांदा ऐकलं. "येते की," मी म्हणाले, आणि घरी आल्या आल्या लायटीचं बिल कार्डावर भरून टाकलं.