अर्धा सूर खाली

त्या संध्याकाळी मी बायकोला न विचारता तिचा सूर उतरवला. ऐकणाऱ्याला ही फार मोठी चूक वाटणार नाही. मला मात्र त्या चुकीचं ओझं बरेच महिने वाहावं लागलं.

बायको शास्त्रीय गाते. मी बँकेत नोकरी करतो आणि तिला पेटीची साथ करतो. तिचं माहेर इथलंच, सोलापुरातल्या तेलुगू बोलणाऱ्या विणकरांचं. घरात चादरींचे माग. ते सुरू व्हायच्या आत तिने रियाज उरकायचा, असा वडिलांचा नियम होता. एकदा माग सुरू झाले तरी ती मुद्दाम गात राहिली. तेव्हा मागावरचा एक कामगार ओरडला, "पोरी, मागाच्या वरनं ऐकू यायलंय की!" ती म्हणते, "तीच माझी पहिली मैफल." घरी ती चांगलंच गाते, पण समोर चार माणसं बसली की तिच्या गाण्याला वेगळंच पाणी चढतं. "रियाज म्हणजे स्वयंपाक हो," ती म्हणते, "पंगत बसल्याशिवाय वाढायची मजा नाही."

गेल्या वर्षी तिचा घसा आजारला. बरेच दिवस मौन पाळावं लागलं. त्यानंतर वरचा सा लावताना आवाज चिरकू लागला. लहान मुलगी असल्यापासून ती काळी पाचमध्ये, म्हणजे पेटीच्या पाचव्या काळ्या पट्टीला सा धरून गायची. जुळे सोलापुरात आमच्या कॉलनीच्या मंदिरात तिचं गाणं ठरलं, तेव्हा मला धास्ती बसली. इलेक्ट्रॉनिक तंबोरा आणि पेटी लावायचं काम कायम माझं. मी पांढरी सहा धरली, अर्धा सूर खाली.

तबलजी आमचे जुने मित्र. त्यांच्या लगेच लक्षात आलं.

"भाभीकू बोले क्या?"

"नंतर सांगतो."

"नंतर म्हणजे कधीच नाही," असं म्हणत त्यांनी हातोडी उचलली आणि तबला उतरवला.

बायको श्रोत्यांकडे बघून गाते, माझ्या बोटांकडे कधीच नाही. इतक्या दिवसांनी गात होती, त्यामुळे अर्ध्या सुराचा फरक तिला जाणवला नाही. त्या दिवशी वरचा सा असा लागला की पुढच्या रांगेतल्या बायका माना डोलवायच्या थांबल्या आणि नुसत्या बघत राहिल्या. परतताना स्कूटरवर मागे बसून ती माझ्या कानाशी म्हणाली, "आला हो माझा आवाज परत!"

तेव्हा सांगायला हवं होतं. मी गाडी चालवत राहिलो. पुढे रियाजालाही पांढरी सहाच देत गेलो.

मग शहरातल्या मोठ्या सभागृहातलं बोलावणं आलं. तिथे पेटीवाले त्यांचे, तंबोरे त्यांचे. तिने ऐटीत सांगितलं, "काळी पाच." मी श्रोत्यांत बसलो होतो. आत जाऊन कानात सांगता आलं असतं. चहा झाला, तंबोरे जुळले, पडदा सरकला, तरी मी खुर्चीतच. वरच्या 'सा'वर आवाज फुटला. तिने हसून सावरलं, पुन्हा गेली, पुन्हा फुटला. घरी आल्यावर तिने आपल्या जुन्या, तारांच्या तंबोऱ्याला गवसणीची खोळ घातली. "मंदिरातलं ते एक स्वप्न होतं," एवढंच म्हणाली. आलेली बोलावणी ती परतवू लागली.

तबलजी एकदा घरी आले. गवसणी बघून म्हणाले, "भाभी, तंबोऱ्याला थंडी वाजते का? सोलापुरात?" ती हसली नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि चहा अर्धा ठेवून उठले.

ते गेल्यावर मी सगळं सांगून टाकलं. तुझी काळजी होती, डॉक्टरांनी ताण नको म्हटलं होतं, तुझं हसं होऊ नये म्हणून... मी बोलतच राहिलो.

"म्हणजे मंदिरात मी खरंच गायले होते?"

"खरंच. फक्त अर्धा सूर खाली."

"गळा माझा, गाणं माझं, आणि ठरवलं तुम्ही!" ती कडाडली. "मला वाटलं, आवाज मेला. तो तर खालच्या मजल्यावर राहायला गेला होता! मला पत्ता तरी सांगायचा!" आणि रागातच तिला हसू फुटलं. मला मात्र रडू आलं. तिने गवसणी काढली. तारांवरून बोट फिरवलं, त्या पार उतरल्या होत्या.

"पांढरी सहा द्या," ती म्हणाली. मी पेटीकडे हात नेला, तसा तिने तो धरला. "कारणं सगळी सांगितलीत. एक गोष्ट राहिली."

ती कोणती, ते मला माहीत होतं. एवढे महिने तीच तोंडातून निघत नव्हती.

"चुकलं माझं," मी म्हणालो. "तुला विचारायला हवं होतं. मला माफ कर."