साडूची सरबराई

आमच्या गल्लीच्या तोंडाशी कपाटाएवढं एक दुकान आहे. एक स्टूल, चावी कापायचं मशीन आणि खिळ्यांना टांगलेल्या कोऱ्या चाव्यांची भिंत. यातून जी जागा उरते तेवढ्यात चावीवाले दादा मावतात. तीस वर्षं मावत आले आहेत. चष्मा नाकाच्या टोकावर, बोटांच्या पेरांत पितळेचा कीस. त्यांनी केलेली चावी पुन्हा घासायला आणावी लागत नाही. बोलणं मऊ, गिऱ्हाइकाशी कधी हुज्जत नाही. फक्त त्यांच्यासमोर साडूंचा विषय काढायचा नाही.

दादांची बायको थोरली बहीण, साडूंची धाकटी. म्हणजे नात्यानं मान दादांचा. पण साडूंचं दुसऱ्या शहरात फरश्यांचं तीनमजली दुकान होतं, आणि तिथे नात्याचा काही इलाज चालत नव्हता. साडूंनी नवी गाडी घेतली तेव्हा दादांना दोन दिवस जेवण गेलं नाही. साडूंचा मुलगा वर्गात पहिला आला, तर मला विचारतात, "सर, हल्ली पहिला नंबर बऱ्याच जणांना देतात ना?"

साडूंचे केस पन्नाशी उलटली तरी काळेभोर होते, हेही त्यांना सलायचं.

"रंगवत असणार."

"नाही हो रंगवत," वहिनी स्वयंपाकघरातून म्हणायच्या. "मी बहिणीला विचारलंय."

"कशाला विचारलंस? आता त्याला कळलं असेल ना, आपल्या घरात त्याच्या केसांवर चर्चा चालते म्हणून!"

मात्र दादांकडे एक गोष्ट अशी होती की जी साडूंकडे नव्हती. ती म्हणजे दोन रस्ते सोडून असलेला स्पोर्ट्स बार.

दर शनिवारी दुपारी दुकान बंद करून दादा तिथे जात. सोबतीला बरेचदा मी. ते एक बिअर पुरवून पुरवून पीत, मी सोडा. त्या हॉलमध्ये सहा टीव्ही आहेत आणि सहांवर सहा वेगळे सामने. आवाज मात्र एकाच टीव्हीचा, नाहीतर नुसता गोंगाट होईल. कुठल्या टीव्हीला आवाज द्यायचा ते ठरवणारा रिमोट मुख्य वेटरच्या एप्रनच्या खिशात असतो. उंच, खांद्यात थोडा वाकलेला, कधी घाईत न दिसणारा माणूस. त्याला सगळे कप्तान म्हणतात. हॉलमधली माणसं त्याची मनधरणी करत असतात, "कप्तान, इकडे द्या ना!" आणि तो मान हलवून पुढे जातो. दादांनी मात्र कोपऱ्यातून नुसती दोन बोटं वर केली की आवाज दादांच्या टीव्हीला. नऊ वर्षांत हे चुकलं नव्हतं. आजूबाजूची माणसं वळून बघत, कोण आहे बुवा हा. तेवढा वेळ दादा चष्मा पुसत बसत.

साडू आमच्या शहरात दुसरं दुकान काढायचं म्हणत होते. जागा बघायला शनिवारी येणार असं कळलं, आणि पहिल्यांदाच दादा खूश झाले.

"येऊ दे. दुपारी घेऊन जातो त्याला. बघू दे जरा, आपल्यालाही कुणी ओळखतं."

बुधवारी ते कप्तानला साडू येणार म्हणून सांगूनही आले.

शनिवारी आम्ही तिघे गेलो. साडू गोरेपान, हसतमुख, अघळपघळ माणूस. माझी शाळेची नोकरी, माझे गुडघे, सगळं आपुलकीनं विचारलं त्यांनी. राग येण्यासारखं त्यांच्यात काही नव्हतं, आणि दादांची खरी अडचण तीच होती.

आम्ही बसतच होतो. कप्तान आला तो थेट साडूंकडे. खुर्ची किंचित मागे ओढली, टेबल पुसलं, तेही साडूंच्या बाजूचंच. "बोला साहेब, काय आणू?" साडूंनी सांगितलं. दादांनी त्यांची नेहमीची बिअर आणि फिंगर चिप्स सांगितल्या. कप्तान "हो हो" म्हणाला, पण बघत होता साडूंकडे.

साडूंचा ग्लास दोन मिनिटांत आला. सोबत न मागितलेले दाणे. मग गरम सँडविच. मग, "साहेब, पंख्याचा वारा लागतोय का फार?"

दादांच्या पुढ्यात काहीच नव्हतं.

"येईल," दादा मला म्हणाले. "गर्दी आहे आज." गर्दी नव्हती.

त्यांच्या टीव्हीवर फुटबॉल रंगात आला होता. दादा साडूंकडे वळून म्हणाले, "आता गंमत बघा हं." आणि दोन बोटं वर केली.

कप्तान साडूंच्या ग्लासाखाली कागद सरकवत होता. त्यानं पाहिलं नाही. दादांनी हात आणखी वर केला. मग कोपरापर्यंत. शाळेत उत्तर येणारी मुलं करतात तसा.

"दादा, खांदा दुखतोय का?" साडूंनी काळजीनं विचारलं. मग त्यांचं लक्ष पलीकडच्या भिंतीवर गेलं. "अरे वा, टेनिस! कप्तान, त्याचा आवाज मिळेल का हो जरा?"

कप्तानचा हात खिशात गेला आणि हॉलभर टेनिसचा आवाज घुमू लागला. अख्खा हॉल कण्हला. टेनिस बघणारे साडू एकटेच होते. दादांचा चेहरा मला बघवेना.

चिप्स चाळीस मिनिटांनी आल्या. गार, आणि त्यातल्या निम्म्या कुणा दुसऱ्यासाठी आधीच सॉस घातलेल्या.

साडू हात धुवायला गेले तेव्हा दादा ताडकन उठले आणि काउंटरपाशी जाऊन कप्तानला गाठलं. मीही मागे गेलो.

"काय रे, मला ओळखलं नाहीस का आज? नऊ वर्षं येतोय मी!"

कप्तान गोंधळला. "असं काय बोलता दादा? बुधवारी तुम्हीच तर सांगून गेलात. माझा साडू येतोय, त्याला काही कमी पडता कामा नये. माझं सोड, मी घरचाच आहे. हेच म्हणालात ना? म्हणून तुमची ऑर्डर मागे ठेवली आणि सगळं त्यांचं बघितलं. का, काही राहिलं का त्यांचं?"

पाहुणा येणार म्हटल्यावर सभ्य माणूस जे बोलतो तेच दादा बोलले होते. मनात होतं ते याच्या नेमकं उलट. पण ते सांगायचं कसं? पाहुण्याला जरा ताटकळत ठेव आणि माझ्या भोवती फिर, असं का कुणी तोंडानं सांगतं?

"नाही," ते म्हणाले. "काही राहिलं नाही."

"खूश आहेत ना साहेब?"

"फार," दादा म्हणाले, आणि येऊन गार चिप्स खात बसले.

परतताना साडू म्हणाले, "दादा, काय माणसं आहेत हो तुमच्या इथली! इतकी वर्षं धंदा करतोय, पण अशी विचारपूस कुठे झाली नाही माझी. आता दुकान इथे झालं की दर शनिवारी हेच. तुम्हाला जमलं नाही तर मी एकटा येत जाईन."

आठवडाभर दादा कुणाशी धड बोलले नाहीत. गाडी त्याची, तीन मजले त्याचे, केससुद्धा काळे, आणि आता हा हॉलही त्याचाच होणार. शुक्रवारी मी कुलपाची दुसरी चावी करून घ्यायला गेलो होतो, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. पलीकडे साडू. उद्या येतोय, म्हणत होते.

"या की. घरी या," दादा म्हणाले. "पण बारमध्ये नको हो. तिथली सर्व्हिस पार बिघडली आहे... नाही, तुमच्या दिवशी बरी होती, एरवी नसते... विश्वास नाही बसत? थांबा, सर इथेच आहेत. सरांना विचारा. ते काही खोटं बोलायचे नाहीत."

आणि त्यांनी फोन माझ्या कानाला लावला. डोळ्यांत अशी विनवणी होती की मला मान वळवता येईना.

"साहेब," मी म्हणालो, "दादांच्या चिप्स त्या दिवशी चाळीस मिनिटांनी आल्या. आल्या त्या गार. आणि हात वर केला तरी त्यांच्याकडे कुणी बघितलं नाही."

यात एकही शब्द खोटा नव्हता.

"अरेरे! माझ्या लक्षातच आलं नाही," साडू पलीकडे हळहळले. "जिथे आमच्या दादांना विचारत नाहीत, तिथे मी कशाला पाय ठेवू? घरीच बसू आपण."

दादांनी फोन ठेवला. थोडा वेळ मशीनवरचा कीस फुंकत राहिले. साडूंचं शेवटचं वाक्य त्यांनाही ऐकू गेलं होतं.

"बघितलंत ना सर?" ते अखेर म्हणाले. "चांगुलपणातसुद्धा पुढे जातो मेला."

मग त्यांनी माझी चावी कापायला घेतली आणि, खाली मान घालूनच, उद्या मी किती वाजता तयार असेन ते विचारलं. सामना तीनचा होता. साडू घरी यायच्या आत एक तासभर बसून येता येईल, असा त्यांचा हिशेब होता.